दोघींचं फोल्डर

कात्री हे तिचं खरं नाव नव्हतं. सासूने ठेवलेलं होतं, आणि लग्न मोडल्यावरही ते तेवढं मागे राहिलं.

ती ध्वनिसंपादक होती. माइकसमोर बसून कोणी काही बोललं की त्यातले खोकले, अडखळणं, खुर्चीची करकर, खिडकीबाहेरचं कुत्रं हे सगळं काढून टाकायचं आणि उरलेलं असं जोडायचं की ऐकणाऱ्याला कुठे शिवण लागू नये, हे तिचं काम. सासू आयुष्यभर रेडिओवर निवेदिका. त्यांना गावात सगळे नुसतं 'बाई' म्हणत. निवृत्त झाल्यावर बाई घरी बसतील असं त्यांच्या मुलाला वाटलं होतं. बसल्याही, पण माळ्याखालच्या अडगळीच्या खोलीत, भिंतींना रजया टांगून, माइक पुढ्यात घेऊन. अंधांसाठीच्या एका ग्रंथालयाला त्या पुस्तकं वाचून देऊ लागल्या, आणि सुनेने ती कापून-जोडून साफ करायची असं आपोआप ठरून गेलं. पहिल्याच पुस्तकात सुनेने त्यांच्या तीन शिंका आणि एक उचकी अशी काही बेमालूम काढली की बाई म्हणाल्या, "ही मुलगी नाही, कात्री आहे." तेव्हापासून ती कात्री.

पुढे कात्रीचं आणि मुलाचं फाटलं. भांडण असं झालं नाही. बोलणंच हळूहळू आटत गेलं, आणि एक दिवस दोघांच्याही लक्षात आलं की आपण भाड्याच्या घरातल्या दोन शेजाऱ्यांसारखे राहतोय. कागदपत्रं झाली. तो दुसऱ्या शहरात बदली घेऊन गेला. तेव्हा बाईंचं एक पुस्तक अर्ध्यात होतं, म्हणून कात्रीने ते पुरं केलं. ते संपायच्या आत बाईंनी दुसरं सुरू केलं. सून राहिली नाही, पण काम राहिलं, आणि त्याबद्दल दोघींपैकी कोणीही चकार शब्द काढला नाही.

या फाइली ज्या ऑनलाइन जागेत ठेवलेल्या होत्या, ती मुलाच्या नावावर होती. लग्नानंतर त्यानेच हौसेने घेतलेली. एक दिवस त्याचा दोन ओळींचा मेल आला. ही जागा मी आता बंद करतोय, आईचं रेकॉर्डिंग त्यात आहे ते तुम्ही दोघी हलवून घ्या, घाई नाही.

कात्रीने तो मेल बराच वेळ उघडा ठेवला. तिला वाटलं, हीच वेळ आहे. किती दिवस माजी सासूच्या शिंका कापत बसणार? ग्रंथालयाकडे आणखीही संपादक होते. नीट, गोड शब्दांत सांगावं आणि मोकळं व्हावं. वाक्यं मनात जुळवून तिने फोन लावला. फक्त पहिल्याच शब्दाचा विचार करायचा राहून गेला होता.

"हॅलो, काकू," ती म्हणाली.

पलीकडून बाईंचा तो रेडिओवरचा खणखणीत आवाज, "कोण काकू? कोणी आलंय का तुझ्याकडे?"

"नाही, म्हणजे… तुम्हीच."

"मी कधीपासून काकू झाले?"

'आई' म्हणायचा हक्क संपला असं कात्रीला वाटत होतं, आणि 'बाई' तर भाजीवालाही म्हणायचा.

"काय म्हणायचं ते आधी ठरव, मग फोन कर," असं म्हणून बाईंनी फोन ठेवला. पण गप्प राहणं त्यांच्या स्वभावात नव्हतं. मिनिटभरात त्यांचाच फोन आला. "ठरलं का? नसेल ठरलं तर राहू दे. कशाला केला होतास ते सांग."

कात्रीने जागेचं सांगितलं. मग घसा खाकरून म्हणाली, "ग्रंथालयाकडे एक नवीन संपादक आल्यात म्हणे. चांगल्या आहेत. तर मला वाटत होतं…"

"त्यांना माझ्या 'ळ'ची सवय आहे का?"

"नाही."

"दाताची कवळी बदलल्यापासून तो कसा वाजतो ते तुला ठाऊक आहे. त्यांना पहिल्यापासून शिकवत बसू का मी या वयात? आणि जागा बंद होते म्हणून कोणी माणसं बदलतं का? जागा बदलायची. शोध दुसरी."

एवढं बोलून पुन्हा फोन बंद. मोकळं होण्यासाठी जुळवलेली वाक्यं कात्रीच्या तोंडातच राहिली. गंमत म्हणजे तिला त्याचं फारसं वाईट वाटलं नाही. तिने संगणक उघडला आणि जागा शोधायला बसली.

तेव्हा बाईंनी एक जाडजूड कादंबरी वाचायला घेतली होती, समुद्रात एका खडकावर दीपगृह सांभाळणाऱ्या कुटुंबाची. पिढ्या दोन, वादळं पुष्कळ आणि धडे चाळीसच्या घरात. आवाजाच्या फाइली भारी वजनाच्या. त्या एकीकडून दुसरीकडे न्यायच्या म्हणजे चांगली सेवा हवी. कात्रीने ठरवलं, आधी फुकटच्या वापरून बघू, जी आवडेल ती घेऊ.

पहिल्या सेवेला बाईंनी नाव दिलं 'कंजूष'. ती जागा द्यायची चिमूटभर, आणि वर म्हणायची, ओळखीच्यांना बोलवा, जास्त देतो. हे कात्रीने गमतीने सांगितलं. बाईंनी ते मनावर घेतलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी वहीतला प्रत्येक पत्ता तिथे भरला. रेडिओवरचे निवृत्त वृत्तनिवेदक, दातांचे डॉक्टर, घड्याळं दुरुस्त करणारे, शाळेतल्या दोन मैत्रिणी. त्या सगळ्यांना इंग्रजीत मेल गेले की बाई तुमच्याबरोबर काहीतरी वाटून घेऊ इच्छितात. वृत्तनिवेदक घाबरून फोन करते झाले. "तुमची तब्येत बरी आहे ना? मृत्युपत्राचं काही आहे का?" दातांच्या डॉक्टरांनी तर उत्तर पाठवलं की कवळी वाटून घेता येत नाही. एवढं करून जागा मिळाली ती सहाव्या धड्यालाच भरली.

दुसरी 'विसराळू'. तिथे फाइल चढवायची, दुवा पाठवायचा, समोरच्याने उतरवून घ्यायची. पण आठवड्याभरात ती फाइल विरून जायची. त्याच आठवड्यात कात्री तापाने फणफणली. उठून बसली तेव्हा दुव्यावर लिहिलं होतं, ही फाइल आता उपलब्ध नाही. बाईंनी आपल्याकडची प्रत ठेवलेली नव्हती. चांगल्या सवयीने माणूस कसा फसतो बघा, काम झालं की पसारा ठेवायचा नाही असा त्यांचा खाक्या. त्यांनी तो अख्खा धडा पुन्हा वाचला. नवी फाइल आली, तर सुरुवातीलाच बाई म्हणत होत्या, "कात्री, हा धडा तुझ्या तापासाठी दुसऱ्यांदा. या खेपेला वादळ जास्त चांगलं झालंय, त्यामुळे तू आजारी पडलीस ते वाया गेलं नाही. काप हे."

बाईंची ही जुनी खोड. वाचता वाचता थांबून त्या कात्रीशी बोलायच्या, पुढ्यात बसली असल्यासारखं. इथे जीभ अडकली, काप. कढईखालचा गॅस बंद केला की नाही बघून येते, काप. मध्येच कधी, "त्याचा फोन आला होता काल. बरा आहे. तुझं विचारलं नाही त्याने, पण विचारायचं होतं असं वाटलं. जाऊ दे, काप." फोनवर त्या असलं काही बोलत नसत. फोनवर दोघींचं बोलणं कामाचं, आणि कात्री तर त्यातही मोठ्या कसरतीने संबोधन टाळायची. 'अहो ऐकताय ना', 'बरं का', 'तिकडे काय म्हणताय' अशी. बिनसंबोधनाची किती वाक्यं आपल्या भाषेत बोलता येतात हे तिला त्या दिवसांत कळलं. रेकॉर्डिंगमधलं ते बोलणं मात्र ती एकदा ऐकायची, पुन्हा एकदा ऐकायची, आणि मग कापायची.

तिसरी सेवा मिळाली ती दोघींनाही आवडली. ती फाइल पाठवायची-उतरवायची भानगडच ठेवत नव्हती. दोन संगणकांवर एकच फोल्डर. इकडे काही ठेवलं की ते तिकडे आपोआप दिसणार. कात्री म्हणाली, "आरशासारखं आहे. तुमच्याकडे जे, तेच माझ्याकडे." बाईंनी लगेच नाव ठेवलं, 'आरसा'.

तो आरसा बाईंच्या संगणकावर बसवायला फोनवरून एक अख्खी संध्याकाळ गेली.

"उजवीकडे निळं बटण दिसतंय?"

"निळं की आकाशी?"

"आकाशी म्हणा हवं तर. दाबा."

"दाबलं. आता ते मला विचारतंय मी कोण."

"मग सांगा ना."

"सांगितलं. त्याला पटत नाहीये."

पासवर्डात एक आकडा हवा होता, एक मोठं अक्षर हवं होतं आणि एखादं चिन्ह. बाईंनी उद्गारचिन्ह द्यायला साफ नकार दिला. आयुष्यभर निवेदन केलं, कधी ओरडले नाही, म्हणाल्या. शेवटी प्रश्नचिन्हावर तडजोड झाली.

मग मात्र बाईंना त्याचं वेडच लागलं. धडा वाचून झाला की फाइलीवर गोल गोल फिरणारं चिन्ह यायचं आणि पोचली की हिरवी खूण. बाई ती खूण होईपर्यंत पडद्यासमोर बसून राहायच्या, दूध उतू जाऊ नये म्हणून बसतात तशा. मग संदेश, "आलं?" कात्रीचं उत्तर, "आलं." कात्रीने कापलेली फाइलही तिकडे लगेच दिसायची. त्यामुळे कात्री कामाला कधी बसली, कधी उठली, हे बाईंना घरबसल्या कळू लागलं. "आज उशिरा उठलीस," असा संदेश यायचा. "दुपारी जेवलीस की नाही? नववा धडा तसाच पडलाय." सुरुवातीला कात्री वैतागली. आपण उठलो की झोपलो याची चौकशी करणारं कोणी नसावं म्हणून तर माणूस एकटं राहतं. पण मग एकदा खरंच उशीर झाला आणि संदेश आला नाही, तर चहा घेताना तिने तीनदा फोन उचलून बघितला.

असं करत कादंबरी तिसाव्या धड्याच्या पुढे गेली.

एका दुपारी कात्री वादळातून परतणाऱ्या होडीचा धडा साफ करत होती, आणि तिच्या डोळ्यांदेखत फोल्डरमधून एक फाइल नाहीशी झाली. मग दुसरी. मग भराभर, कोणी फडताळ रिकामं करत असल्यासारख्या. तिला आधी वाटलं, पडद्यालाच काही झालंय. मग तिने फोन लावला.

"काही पुसताय का तिकडे?"

"हो, संगणक म्हणत होता जागा संपली. तुझ्याकडे आहेच ना सगळं? म्हटलं माझ्याकडचं काढून टाकावं. कचऱ्याची पेटीसुद्धा रिकामी केली," बाई समाधानाने म्हणाल्या.

"अहो, आरसा आहे तो."

"म्हणजे?"

"तुमच्याकडचं गेलं की माझ्याकडचंही जातं."

"सगळं?"

"सगळं."

कात्रीच्या धंद्यात प्रत्येक गोष्टीची वेगळी प्रत ठेवायची असते, हे ती इतरांना सांगत फिरायची. पण फाइली जड, तिची डिस्क भरलेली, आणि आरशावर विश्वास बसलेला. तिने ठेवली नव्हती. ती हे सांगायला तोंड उघडणार तेवढ्यात बाई म्हणाल्या, "बरं." नुसतं एवढंच. आणि फोन ठेवला. या खेपेला परत फोन आला नाही.

कात्री त्या सेवेच्या पानांमध्ये शिरली. इथे दाब, तिथे दाब, मदतीचा मजकूर वाच. तासाभराने एका कोपऱ्यात तिला 'हटवलेल्या फाइली' असं सापडलं. उघडून बघते तर सगळे धडे तिथे रांगेत बसलेले. पुसलेलं काही आठवडे जपून ठेवायची सोय होती, आणि फोल्डर कात्रीच्या खात्यातलं असल्यामुळे परत आणणंही तिच्याच हातात होतं. तिने 'परत आणा' दाबलं आणि खुर्चीत मागे रेलून दीर्घ श्वास घेतला. मग बाईंना फोन केला. बंद. संदेश पाठवला, 'सगळं सापडलं, काळजी करू नका.' तो न वाचलेला तसाच राहिला. वाचन चालू असलं की बाई फोन बंद ठेवतात हे तिला माहीत होतं. पण वाचन कसलं चालू असणार, हे तिच्या डोक्यात आलं नाही.

ते दुसऱ्या दिवशी सकाळी आलं. फाइली सगळ्या परतल्या होत्या, आणि त्यांच्या खाली एक नवीच फाइल होती, 'धडा पहिला पुन्हा'. तिच्याखाली 'धडा दुसरा पुन्हा'. आणि तिसऱ्यावर अजून ते गोल चिन्ह फिरत होतं.

कात्रीने हेडफोन घातले. पहिला धडा ठीक होता. दुसऱ्यात आवाज जड झाला होता; दर पानाला पाण्याचा घोट, ग्लास टेकवल्याचा आवाज. "कात्री, हा खोकला नाही, नुसती खरखर आहे. काप. माझ्या हाताने गेलंय ते माझ्या तोंडाने परत येईल. तू मध्ये बोलू नकोस." तिसऱ्या धड्यात बाईंचा आवाज राहिलाच नव्हता. कोणीतरी कोरड्या लाकडावर कानस घासत होतं, आणि तरीही प्रत्येक स्वल्पविरामाला नेमकं थांबत होतं.

कात्रीने पुन्हा फोन लावला. बंदच. मग कितीतरी महिन्यांनी तिने मुलाचा नंबर लावला.

"काही बोलू नकोस. आधी हे ऐक," ती म्हणाली, आणि फोन स्पीकरपाशी धरला.

त्याने ऐकलं. "हिला काय झालंय?"

तिने थोडक्यात सांगितलं. तो म्हणाला, "मी निघतो. पण मला पोचायला संध्याकाळ होईल. तू जवळ आहेस. जातेस का?"

"मी गेलेलं चालेल?"

"कोणाला चालणार नाही?" तो म्हणाला.

पहिली मिळाली ती बस तिने पकडली. बाईंच्या दाराची घंटा दोनदा वाजवावी लागली. बाईंनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या गळ्याला लोकरी मफलर गुंडाळलेला होता, चष्मा कपाळावर, आणि हातात उघडी कादंबरी, चौथ्या धड्यात बोट घालून.

"आई, बंद करा ते वाचन," कात्री म्हणाली. "सगळं परत आलंय."

शब्द तोंडातून गेला तेव्हा तिच्या ध्यानात आलं. बाईंच्याही आलं. पण त्यांना त्यावर काही बोलायला आवाज नव्हता. त्यांनी फक्त एक भुवई वर केली आणि दारातून बाजूला झाल्या.

रेकॉर्डिंग आपोआप त्या फोल्डरात जायचं, म्हणून बाईंनी ते उघडून बघितलंच नव्हतं. कात्रीने संगणकावर एकेक धडा दाखवला. बाईंनी चष्मा खाली ओढून वरपासून खालपर्यंत बघितलं, दोन फाइली स्वतः वाजवून बघितल्या. मग कुजबुजल्या, "म्हणजे मी हे उगीच वाचलं?"

"अगदी उगीच."

बाई स्टुलावर बसल्या आणि आवाज न करता हसू लागल्या. खांदे हलत होते, डोळ्यांतून पाणी येत होतं, आणि आवाज म्हणून काही नाही. कात्रीने पाणी गरम करायला ठेवलं. कप कुठे असतात, मिठाची बरणी कुठे असते, हे तिच्या हातांना अजून माहीत होतं. बाईंना गुळण्या करायला लावून तिने सरळ खोलीतल्या माइकची वायर काढून आपल्या पिशवीत टाकली.

संध्याकाळी मुलगा आला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिघं घशाच्या डॉक्टरांकडे गेली. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि सांगितलं, सूज आहे, भिण्यासारखं काही नाही, पण काही आठवडे पूर्ण मौन. कुजबुजायचंही नाही, कुजबुजण्याने घसा जास्त दमतो. बाईंनी तोंड उघडलं. मुलगा आणि कात्री एकदमच म्हणाले, "आई." बाईंनी तोंड मिटलं.

घरी आल्यावर बाई फोनवर लिहून बोलू लागल्या. एकाच टेबलाभोवती तिघं बसलेली, आणि बाईंनी काही लिहिलं की दोघांचेही फोन टिंग करायचे. 'सूप आळणी आहे.' टिंग. 'दोघं वाळलात.' टिंग.

कप धुताना मुलगा कात्रीला म्हणाला, "ती जागा मी रागाने बंद करत नव्हतो. तुमच्या दोघींच्या कामात माझं नाव उगाच मध्ये भिंतीसारखं, असं वाटायचं."

"भिंत कुठली, छप्पर होतास," कात्री म्हणाली. "भाडंही तूच भरत होतास."

तो हसला. बऱ्याच दिवसांत ती दोघं एकमेकांसमोर हसली नव्हती. त्यात परत येण्याचं वगैरे काही नव्हतं, दोघांनाही ते कळत होतं, आणि म्हणूनच हसणं सोपं गेलं. तिने धुतलेला कप पुढे केला, त्याने पुसला.

मग तो संगणकापुढे बसला. म्हणाला, हे फुकटचे खेळ पुरे. एक नीट सेवा घेऊ, जुन्या प्रती जपून ठेवणारी, आणि ती आईच्या नावावर असू दे. त्याने ती निवडली, आईची माहिती भरली. शेवटी सदस्य जोडायचे होते. त्याने कात्रीचा पत्ता घातला, तर पडद्यावर प्रश्न आला, 'या व्यक्तीला तुमच्या कुटुंबात सामील करायचं आहे का?'

मुलगा थांबला. कात्री खिडकीतून बाहेर बघू लागली. रस्त्यावर बघण्यासारखं काहीच नव्हतं, एक माणूस सायकलची चेन बसवत होता. बाई चष्मा न लावताच पुढे झाल्या, मुलाच्या हातातला माउस काढून घेतला आणि 'हो' दाबलं. मग फोनवर लिहिलं. टिंग. 'पुढे काय विचारतंय?'

पुढे पडद्याने काही विचारलं नाही.

प्रश्न राहिला तो कादंबरीचा. शेवटचे सात-आठ धडे उरले होते आणि ग्रंथालयातून ग्रंथपालबाईंचा फोन आला, ऐकणारे वाट बघताहेत, दीपगृहाची कादंबरी कधी येणार म्हणून लोक विचारतात. बाईंच्या घशाचं कळल्यावर त्या हळहळल्या. कात्रीने फोन ठेवला तेव्हा बाईंचा संदेश आलेला होता.

'तू वाच.'

"मी? मी जन्मभर दुसऱ्यांचे आवाज कापलेत. माझा आवाज मलाच ऐकवत नाही."

'शेवटचा भाग दीपगृहवाल्याची मुलगी सांगते. माझा आवाज तिथे तसाही म्हातारा वाटला असता. वायर परत लाव.'

कात्रीने नाही नाही म्हणत वायर लावली. रजयांच्या त्या खोलीत तिने पहिलं पान वाचलं ते तीनदा अडखळत. बाहेर बाई हेडफोन लावून बसल्या होत्या. चुकलं की पेन्सिलीने दारावर टकटक. दुपारभर ते दार सुतारपक्षी बसल्यासारखं वाजत राहिलं. दुसऱ्या धड्याला टकटक कमी झाली. तिसऱ्याला मध्येच झाली नाही, म्हणून कात्री दार उघडून बघायला आली, बाई झोपल्या की काय. त्या जाग्या होत्या. त्यांनी हाताने खूण केली, आत जा, होडी बुडतेय.

मुलगा आपल्या कामावर परत गेला, आणि आठवडाभराने कात्रीही घरी परतली ती उरलेले धडे बरोबर घेऊन. जाण्याआधी तिने बाईंना कापायला शिकवलं. कुठे रेघ ओढायची, कुठे तोडायचं, कसं सांधायचं. बाईंचे हात माउसवर थरथरायचे पण कान तल्लख होता. आता फाइली उलट्या दिशेने जाऊ लागल्या. कात्री वाचायची, बाई कापायच्या. आणि प्रत्येक धड्याबरोबर फोल्डरमध्ये बाईंच्या सूचना येऊन पडायच्या.

'वादळ म्हणताना तू हवामान खात्यातून बोलतेस. घाबरून म्हण.'

'मुलगी वडिलांना पत्र वाचून दाखवतेय, विजेचं बिल नव्हे.'

'पान उलटताना थांबू नकोस. मला ऐकू येतं.'

एकदा नुसतंच, 'इथे मी कापायला विसरले, ऐकत बसले.'

मौन संपलं त्या सकाळी बाईंनी पहिला फोन मुलाला केला आणि दुसरा कात्रीला. आवाज थोडा खाली उतरला होता, पण त्यांचाच होता.

"शेवटचा धडा साफ करून ठेवलाय. ऐकलास?"

"ऐकला," कात्री म्हणाली. "आई, तुम्ही माझे सगळे श्वास कापलेत."

"मग? श्वास म्हणजे आवाजच ना नको असलेला?"

"अहो, श्वास ठेवायचे असतात. नाहीतर माणूस बोलतोय असं वाटत नाही. ती मुलगी दीपगृहाच्या पायऱ्या चढतेय आणि एकदाही श्वास घेत नाहीये. ऐकणाऱ्याचाच जीव जाईल."

"माझे ठेवायचीस तू?"

"प्रत्येक."

पलीकडून खुर्ची पुढे ओढल्याचा आवाज आला. "जुनी प्रत आहे ना त्या नव्या जागेत? उघड. तू सांग, मी घालते. पहिला कुठे?"

कात्रीने हेडफोन चढवले आणि धडा सुरुवातीपासून लावला. इकडे तिच्या पडद्यावर आणि तिकडे बाईंच्या पडद्यावर एकच रेघ सरकू लागली. "इथे," कात्री म्हणाली. "'बाबा' म्हणायच्या आधी." बाईंनी तो तिथे बसवला, आणि दोघी पुढे सरकल्या.